हवेचा किल्ला, जैसे थे

फॉर्मवरच्या चौकोनात मावेल तेवढंच लिहायचं असतं, असं मनापासून मानणारा माणूस जगात बहुधा एकच उरला होता, आणि नेमका तोच किल्ला भाड्याने द्यायचा धंदा काढायला निघाला. लोक त्यांना जपूनराव म्हणत. जिना उतरणाऱ्याला, गरम चहा पिणाऱ्याला, इतकंच काय, फोन ठेवणाऱ्यालाही ते ‘जपून हं’ म्हणत, म्हणून हे नाव पडलं. सव्वीस वर्षं त्यांनी एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. रेघेबाहेर लिहिलेला अर्ज ते कधी रागावून परत करत नसत, शांतपणे करत, आणि लोकांना त्याचाच जास्त राग येई. पुढे कचेरीने ते टेबलच बंद केलं, सगळं कम्प्युटरवर गेलं आणि जपूनराव घरी आले. घरी वर्तमानपत्राची आवक आणि रद्दीची जावक सोडली तर त्यांच्या हाताला काही काम नव्हतं.

किल्ल्याची कल्पना मेहुण्याची. रबरी कापडाचा किल्ला, चार बुरूज, खाली पंखा जोडून हवा भरली की उभा राहतो आणि आत मुलं उड्या मारतात. “यात काहीच करायचं नसतं भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “मुलं उड्या मारतात, तुम्ही बाजूला उभं राहायचं. तेवढं तुम्हाला जमेल.” यातलं शेवटचं वाक्य त्याने गिळलं असतं तर जपूनरावांनी नाही म्हटलं असतं. पण ते त्यांना इतकं लागलं की त्यांनी त्याच आठवड्यात किल्ला घेतला.

आता एखाद्या माणसाला मुलं धावली तरी धडधडतं आणि तोच मुलांना उड्या मारायला किल्ला देतो, यात काहीतरी चुकतंय हे बायकोला दिसत होतं. पण ती बोलली नाही. उलट तिने भलतंच केलं. ती शाळेत शिकवायची. तिथल्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, एक दिवस म्हणाल्या की रविवारी आमच्या नातीचा पाचवा वाढदिवस आहे, बागेत मुलांसाठी काहीतरी हवं. अठरा वर्षांत या बाईंपुढे बायकोने ‘हो बाई’ आणि ‘बघते बाई’ याखेरीज तिसरं वाक्य उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, “आमच्या मिस्टरांचा किल्ला आहे. रविवारी चारला तुमच्या बागेत उभा राहील. माझा शब्द.” सगळी स्टाफरूम वळून बघायला लागली. घरी आल्यावर तिने हे जपूनरावांना सांगितलं आणि थोडी घाबरून म्हणाली, “होईल ना हो?”

“होईल,” जपूनराव म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांची झोप उडाली.

धंदा म्हणजे परवाना हवा. इतर कुणी असता तर दोन-चार वाढदिवस उरकून मग परवान्याचं बघितलं असतं. जपूनराव सोमवारी सकाळी परवान्याच्या खिडकीपुढे पहिले उभे होते. ‘व्यवसायाचे स्वरूप’ या मथळ्याखाली अंगठ्याएवढा चौकोन होता. घरून त्यांनी वाक्य पाठ करून आणलं होतं : लहान मुलांना उड्या मारण्यासाठी हवा भरलेला रबरी किल्ला भाड्याने देणे. ते चौकोनात बसेना. त्यांनी जड मनाने ‘लहान’ काढलं. मग मुलं काढली, उड्या काढल्या, हवा काढली आणि शेवटी रबरही गेलं. उरलं ते ‘किल्ला भाड्याने देणे’.

“काका, बाहेर लिहिलं तरी चालतं हो,” खिडकीतली मुलगी म्हणाली.

“चालतं?” जपूनरावांना फार वाईट वाटलं. “मग चौकोन कशाला आखलाय?”

पुढच्या रकान्यांत त्यांनी ‘मालकी : स्वतःची’, ‘उंची : अकरा फूट’, ‘ठिकाण : राहत्या इमारतीचे आवार’ असं सुवाच्य अक्षरात भरलं आणि पोच घेऊन घरी आले. इतका स्वच्छ अर्ज आपल्या टेबलावर सव्वीस वर्षांत एकदाही आला नव्हता, असं त्यांना वाटलं.

गुरुवारी चाचणी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली, पंखा जोडला, खुंट्या ठोकल्या. कापड आधी नुसतंच कण्हलं. मग एक बुरूज उठला, दुसरा उठला, भिंती ताठ झाल्या, आणि लाल-पिवळा किल्ला आवारात डौलाने उभा राहिला. जपूनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हातून एवढं मोठं काही उभं राहील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात फाटकातून एक शिपाई आला आणि त्याने सही घेऊन एक लिफाफा दिला.

पत्र परवान्याच्या कचेरीचं नव्हतं, प्राचीन वास्तू विभागाचं होतं. ‘आपल्या ताब्यात किल्ला असून आपण तो भाड्याने देऊ इच्छिता, असे आपल्या परवान्याच्या अर्जावरून या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. सदर किल्ला या विभागाच्या यादीत आढळून येत नाही. सबब तपासणी होईपर्यंत तो जैसे थे ठेवावा. त्याच्या स्थितीत कोणताही बदल करू नये. तपासणी अधिकारी यथावकाश येतील.’

शिपायाने वेळ लिहून घेतली, अकरा वाजून वीस मिनिटं. अकरा वीसला किल्ला पूर्ण फुगलेला होता. पत्र अर्धा तास आधी आलं असतं तर तो घडी करून पोत्यात असता आणि मग तो फुगवता आला नसता, म्हणजे तसंही वाटोळंच होतं. पण आता तो उतरवता येत नव्हता. आणि यथावकाश म्हणजे काय, हे जपूनरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. तो शब्द त्यांनी स्वतः हजारो पत्रांत घातला होता. त्याचा अर्थ चार दिवसांपासून चार वर्षांपर्यंत काहीही होऊ शकतो.

“अहो, खेळणं आहे ते!” बायको शाळेतून येऊन म्हणाली.

“कागदावर तसं नाहीये.”

“मग जाऊन सांगा की त्यांना.”

ते शुक्रवारी गेले. विभागातल्या कारकुनासमोर फाइल उघडीच होती. “पाया किती खोल आहे?” त्याने विचारलं.

“पाया नाहीये. हवा आहे.”

“म्हणजे मोडकळीला आलाय.” त्याने लिहून घेतलं. “बांधकाम कसलं? दगडी?”

“रबरी.”

“रबरी? मग बराच अलीकडचा दिसतो. शतक कुठलं?”

“हेच.”

कारकून थोडा निराश झाला. साहेब दौऱ्यावर आहेत, ते आल्याशिवाय आदेश मागे घेता येत नाही, असं त्याने अतिशय शांतपणे सांगितलं. जपूनरावांना भांडता येईना. कारकून नियमाने वागत होता. त्याच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं, किंबहुना याहून शांतपणे केलं असतं, हे त्यांना कळत होतं आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. सव्वीस वर्षांत आपल्या टेबलासमोरून असे किती लोक परत गेले असतील, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला आणि बस येईपर्यंत गेला नाही.

तोवर इमारतीत हाहाकार माजला होता. पंखा बंद केला की किल्ला बसतो, म्हणजे स्थितीत बदल होतो, म्हणून पंखा रात्रंदिवस चालू. त्याची घरघर चौथ्या मजल्यापर्यंत जात होती. फ्रीज आणि पंखा एकदम लावले की फ्यूज उडायचा, म्हणून फ्रीज बंद. तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीसमोर नेमका लाल बुरूज आला. “कालपासून माझ्या खोलीत संध्याकाळच आहे,” त्या म्हणाल्या. “अरे, टाचणी लावा आणि मोकळे व्हा.” इमारतीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली, ‘आवारात किल्ले उभारू नयेत’, आणि खाली सही केली. जपूनरावांनी ती नोटीसही दोनदा वाचली. ‘उभारू नयेत’ म्हटलं होतं. उभारलेल्या किल्ल्याबद्दल त्यात काही नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

सगळ्यांत वाईट अवस्था पोरांची. समोर किल्ला उभा, पण उड्या मारायच्या नाहीत, कारण उडी मारली की तळ दबतो. जपूनराव खुर्ची टाकून किल्ल्याच्या तोंडाशी बसून राहिले. दुपारी उन्हाने हवा प्रसरण पावली आणि बुरूज थोडे फुगले. संध्याकाळी ते सैल पडले. जपूनराव टेप घेऊन दर दोन तासांनी उंची मोजत आणि वहीत लिहीत. एकदा एक कावळा बुरुजावर येऊन बसला. त्याला हाकलावं की बसू द्यावं, कशाने स्थिती जास्त बदलेल, याचा त्यांना निर्णय होईना. कावळ्याने स्वतःच निर्णय घेतला आणि जाताना किल्ल्याच्या स्थितीत जो व्हायचा तो बदल करून गेला. तो पुसावा का, हाही एक प्रश्न होता.

मेहुणा रोज येऊन सल्ला देऊन जाई. लाइट गेली तर काय, या जपूनरावांच्या धसक्यावर उपाय म्हणून त्याने ओळखीच्या मांडववाल्याचा जनरेटर आणून ठेवला. “भाऊजी, लोक हवेत इमले बांधतात,” तो म्हणाला. “तुम्ही हवेतला इमला सांभाळताय.” तो स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसला. जपूनराव हसले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी बायको त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, “उद्या मी बाईंना काय सांगू?”

जपूनराव हातातला टेप गुंडाळत राहिले.

“अठरा वर्षांत त्यांच्यासमोर एकदाच काही ठासून बोलले हो मी,” ती म्हणाली. “तेही तुमच्याबद्दल.” आणि ती उठून वर गेली. जपूनरावांना त्या दिवशी घास गेला नाही. एका बाजूला सरकारी हुकूम होता आणि दुसऱ्या बाजूला बायकोचा शब्द. दोन्ही पाळायचे तर जगात जागाच नव्हती असं त्यांना वाटलं.

रविवारी दुपारी त्यांनी ते पत्र पुन्हा काढलं. या वेळी घाबरलेल्या माणसासारखं नाही, तर आवक-जावकच्या टेबलावर वाचत तसं, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. ‘त्याच्या स्थितीत कोणताही बदल करू नये.’ बोट तिथेच थांबलं. त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं आणि तीन मजले ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अगं! स्थिती म्हटलंय! स्थान नाही म्हटलं!”

“म्हणजे काय?”

“म्हणजे हवा काढायची नाही. पण हलवायला हरकत नाही!”

मोठ्या बाईंचा बंगला तीन गल्ल्या पलीकडे होता. फुगलेला किल्ला तिथपर्यंत न्यायचा, तोही पंखा चालू ठेवून, ही कल्पना इतर कुठल्याही इमारतीत कुणी ऐकून घेतली नसती. पण इथे गेले तीन दिवस कुणालाच झोप नव्हती. किल्ला जातोय म्हटल्यावर दहा मिनिटांत बारा माणसं जमली. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे. जनरेटर भाजीवाल्याच्या हातगाडीवर चढवला आणि पंखा त्याच्या शेजारी बांधला. वायर काढून जनरेटरला जोडेपर्यंत किल्ला जरा लटपटला. जपूनरावांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा तो पुन्हा ताठ होता.

फाटकातून तो मावेना. मग बारा जणांनी तो डोक्यावर घेतला आणि कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे दिला. तिसऱ्या प्रयत्नात साधलं. आजींच्या खोलीत तीन दिवसांनी ऊन आलं आणि त्यांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

रस्त्याला लागल्यावर वारा सुटला. किल्ला हलका नव्हता, पण वाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. डाव्या बाजूचे दोघे मधूनमधून टाचांवरून वर उचलले जात. जपूनराव पुढे उलटे चालत, दोन्ही हात वर करून, “वायर जपून... खांब जपून... स्कूटर जपून...” असं ओरडत होते, आणि लोक दाराखिडक्यांत येऊन बघत होते. दुसऱ्या वळणावर चार वाजले. तिथेच वाहतूक पोलिसाने हात आडवा केला.

“काय आहे हे? परवानगी आहे का?”

जपूनरावांनी खिसा चाचपला. परवानगी नव्हती. त्यांच्याजवळ एकच कागद होता, तो त्यांनी पुढे केला. पोलिसाने शिक्का बघितला, ‘किल्ला’ वाचलं, ‘जैसे थे’ वाचलं, ‘कोणताही बदल करू नये’ मोठ्याने वाचलं. मग त्याने शिट्टी वाजवून दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि बारा जणांना दरडावलं, “ए, सरकारी काम आहे. नीट धरा!”

बंगल्याच्या कुंपणावरून किल्ला बागेत देईपर्यंत साडेचार होऊन गेले. वीस-पंचवीस मुलं रांगेत उभी होती. मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. बायको त्यांच्या शेजारी आधीच येऊन उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. “टेका! हळू टेका!” जपूनराव म्हणाले. किल्ला हिरवळीवर टेकला, आणि नेमका तेव्हाच जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला.

“पेट्रोल?” जपूनरावांनी मेहुण्याकडे बघितलं.

“मला वाटलं तुम्ही घातलं असेल,” मेहुणा म्हणाला.

पहिल्यांदा पुढचा बुरूज वाकला. मग भिंती आत आल्या, आणि ज्यांना वेळेत निसटता आलं नाही त्यांच्या अंगावर सबंध किल्ला आला. हिरवळीवर एक मोठं लाल-पिवळं कापड उरलं आणि त्याखाली चार-पाच टेंगळं हलत होती. मुलं चिडीचूप झाली. वाढदिवसाच्या मुलीचा ओठ थरथरायला लागला.

आणि फाटकातून, पाठीला पिशवी लावलेला एक किरकोळ गृहस्थ आत आला. दौऱ्यावरून परतताना रविवार असूनही तो परस्पर इमारतीत जाऊन आला होता. आजींनी त्याला सांगितलं होतं की किल्ला पुढच्या गल्लीत गेला. “प्राचीन वास्तू विभाग,” तो धापा टाकत म्हणाला. “तपासणी. किल्ला कुठेय?”

जपूनराव पुढे झाले. त्यांनी कापडाकडे बोट दाखवलं. “हाच, साहेब. याच्या स्थितीत बदल झाला. माझी चूक आहे. काय कारवाई असेल ती माझ्यावर करा, हिचा काही संबंध नाही.”

अधिकाऱ्याने वाकून कापडाचं टोक उचललं. आत सेक्रेटरी होते. त्याने टोक पुन्हा खाली ठेवलं. मग वही काढून तो लिहिताना मोठ्याने वाचत गेला, “प्रत्यक्ष पाहणी केली असता... सदर किल्ला... जमीनदोस्त आढळून आला. पाया नाही. सबब प्रकरण दप्तरी दाखल.” त्याने सही केली, जपूनरावांची सही घेतली आणि विचारलं, “इथे पाणी मिळेल का?”

हुकूम संपला होता. चार दिवसांचं ओझं उतरलं होतं. पण जपूनरावांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण मोठ्या बाई बोलत होत्या.

“चारची वेळ ठरली होती,” त्या बायकोला म्हणाल्या. “आणि हा किल्ला म्हणायचा?”

जपूनरावांनी मान खाली घातली. बायको ‘हो बाई’ म्हणेल, ते ऐकायचं, मग कापड गुंडाळायचं आणि घरी जायचं, एवढंच आता उरलं होतं.

“हो बाई, किल्लाच,” बायको म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “फुगलेला किल्ला माझ्या नवऱ्याने तीन गल्ल्या हातांवर आणलाय. चार दिवस हा माणूस धड जेवला नाही की झोपला नाही, का तर मी तुम्हाला शब्द दिला होता. पाऊण तास उशीर झालाय, तो माझ्या नावावर लिहा. आता तुमच्याकडे प्लग कुठे आहे ते दाखवा.”

मोठ्या बाईंनी व्हरांड्यातला प्लग दाखवला.

पंखा घरघरला. कापड हललं, फुगलं, आणि बुरूज उठायच्या आत त्याच्या पोटातून विस्कटलेल्या केसांचे सेक्रेटरी रांगत बाहेर आले. ते बघून मुलांनी अशी काही किंकाळी फोडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. किल्ला ताठ उभा राहिला. वाढदिवसाच्या मुलीने पहिली उडी मारली, पडली, उठली आणि हसत सुटली. पाच मिनिटांत सगळी पोरं आत होती आणि “पुन्हा पाडा! त्या काकांना पुन्हा आत घाला!” असा एकच गिल्ला चालला होता.

जपूनराव पंख्याशेजारी उभे होते. त्यांच्या छातीत अजूनही धडधडत होतं, पण हे वेगळं होतं. आपल्यासाठी कुणी असं उभं राहिलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांना बायकोला काहीतरी सांगायचं होतं, पण तिला आवाज गेला नसता.

अंधारायला लागलं तेव्हा मोठ्या बाई त्यांच्यापाशी आल्या. “पुढच्या महिन्यात शाळेत मुलांचा खेळदिवस आहे,” त्या जरा अवघडून म्हणाल्या. “त्याला आणाल का? अर्ज वगैरे करावा लागतो का तुमच्याकडे?”

जपूनरावांचा हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला. मग त्यांनी समोर बघितलं. बायको चपला हातात घेऊन किल्ल्याच्या तोंडाशी उभी होती आणि बाहेर घसरणाऱ्या पोरांना उचलून परत आत टाकत होती.

“अर्ज कशाला?” जपूनराव म्हणाले. “हिला सांगा. हिने शब्द दिला की मी येतो.”

आणि वायर कुणाच्या पायात येत नाही ना, ते बघायला ते व्हरांड्याकडे निघाले.